मुलीकडची माणसं

त्या रविवारी फोन वाजला आणि आईने तो लगेच उचलला नाही.

ती भडंगासाठी लसूण ठेचत होती. मी समोर बसून शेंगदाण्यांची सालं पाखडत होते. फोन बाहेरच्या खोलीत, दहा पावलांवर. एक घंटी झाली, दुसरी झाली. आईने बत्ता खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. फोनकडे नाही, फोनशेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या सातपुतेकाकांकडे. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "घ्या ना, कुमुद." मग ती उठली.

आई टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं ऑपरेटर होती. आमच्या घरी फोन दुसऱ्यांदा वाजलेला मी कधी ऐकला नव्हता. जेवत असली तर उष्ट्या हाताने, आंघोळीहून आली असली तर केसांतून पाणी निथळत, पण पहिल्या घंटीला रिसीव्हर तिच्या हातात. बाबांच्या तेराव्याला पंगत बसली होती, तेव्हासुद्धा तूप वाढता वाढता तुपाचं भांडं माझ्या हातात देऊन ती फोनकडे धावली होती.

ती परत येऊन बसली.

"कुणाचा होता?" काकांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा हळू. पेपराची घडी मोडल्याचा आवाज त्याहून मोठा होता.

"चुकून लागला होता."

"बराच वेळ लागला चुकीच्या नंबराला," ते म्हणाले आणि हसले. आईही हसली. मी पण हसले, कारण दोघं हसत होती.

कढई तापली. आई डाव्या हाताने परतत होती. मी चौथीत असताना ती मोरीत पाय घसरून पडली होती, तेव्हापासून तिचं उजवं मनगट पूर्ण वळत नसे. चुरमुरे खरपूस झाल्याचा वास सुटला.

"आई, दोन दिवस चल माझ्याकडे कोल्हापूरला."

"यांचं पथ्य असतं गं."

"दोन दिवस काका डबा लावतील."

"पुढच्या महिन्यात बघू."

निघताना ती फाटकापर्यंत आली. माझ्या पिशवीत भडंगाचा डबा ठेवून म्हणाली, "डबा परत आण. मागचे दोन तुझ्याकडेच आहेत."

"आई, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," ती म्हणाली. ते घरातल्या आईच्या आवाजात नव्हतं. 'आपण प्रतीक्षेत आहात' म्हणायचा तिचा जो आवाज होता, त्यात होतं. मला ते तेव्हाच कळलं. एसटी निघायला सात मिनिटं होती. मी निघाले.

मंगळवारी ती गेली.

याला आता आठ वर्षं झाली. पण मला सांगायचं आहे ते त्याच्याही दीड वर्ष आधीचं. तेव्हाच्या दोन दिवसांचं.

आई निवृत्त झाल्यावर सांगलीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा फोन सांभाळायची. रमाकांत सातपुते एका महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले. संघात वाचनवर्ग सुरू करावा म्हणून त्यांनी फोन केला. वर्ग काही सुरू झाला नाही, फोन मात्र चालू राहिले. आईला आधी त्यांचा आवाज ओळखीचा झाला आणि मग माणूस.

"वैजू, हसू नकोस," ती म्हणाली तेव्हा मी सुट्टीत तिच्याकडे आले होते. ती साठ वर्षांची, मी चौतिशीची. "नोंदणी पद्धतीने लग्न करावं म्हणतायत ते."

मी हसले नाही. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. ती एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा म्हणून दूधपोळी खाते हे मला माहीत होतं. सातपुत्यांना मी दोनदा भेटले होते. मी पुस्तकांत रमणारी, त्यांच्या घरी चार भिंतींना पुस्तकं. त्यांनी मला एक जुनं, बाजारात न मिळणारं पुस्तक काढून दिलं, आणि तेही खाकी कव्हर घालून. मला ते आवडले होते. ते सगळ्यांनाच अहो-जाहो करत, दूधवाल्यालासुद्धा.

"तुला आवडतात ना?" मी विचारलं.

"एकतीस वर्षं मी आवाज ऐकलेत. माणूस तोंड लपवील, आवाज लपवता येत नाही. या माणसाचा आवाज कधी चढत नाही, वैजू. दूध नासलं तरी नाही." मग थोडं थांबून, "पण चौकशी व्हायला हवी. तुझ्या वेळी आमचा दादा, तुझा मामा, सोलापूरपर्यंत जाऊन आला होता. मुलाच्या आत्तेभावाच्या दुकानातून लुगडं घेऊन आला चौकशीच्या निमित्ताने."

"ते लुगडं अजून आहे."

"आता दादा गेला. माझ्यासाठी कोण जाणार? तूच माझी मुलीकडची माणसं." ती हसली आणि मग हसायची थांबली. "पेन्शन, घर, काही विचारू नकोस. तेवढं एक विचारून ये."

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

मी 'हो' म्हटलं. आम्ही दोघी बराच वेळ गवार मोडत बसलो. ते एक काय, ते तिने उच्चारलं नाही, मीही नाही. त्या गोष्टीचं नाव आमच्या घरात कधी घेतलं गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला बाहेर पडले.

स्थळाची चौकशी आपल्याकडे कशी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारी, किराणावाला, देवळातला पुजारी. आणि उत्तरं काय मिळतात हेही ठाऊक आहे. ठरत आलेलं लग्न मोडायचं पाप कुणालाही नको असतं. किराणावाला म्हणाला, "देवमाणूस. उधारी नाही, उसनवारी नाही." खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "बारा वर्षं झाली त्यांची मिसेस गेल्याला, पण जिन्यात मान वर करून चालले नाहीत कधी." पहिल्या पत्नीचं विचारलं तर म्हणाल्या, "स्वभावाने फार शांत होत्या. आवाज म्हणून नाही." त्यांनी मला पन्हं दिलं.

मी पोलीस ठाण्यात गेले. स्थळाच्या चौकशीला पोलिसांत कुणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. पण ते एक विचारायची दुसरी जागा मला सुचली नाही.

ठाण्यात महिला कक्षाच्या टेबलाशी एक हवालदारबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. छातीवर नाव होतं, सु. लोखंडे. त्या डब्यातली चपाती खात होत्या.

"बोला ताई. जेवताना बोललं तर चालतंय मला, तुमाला चालत असलं तर."

"एका माणसाची चौकशी करायची आहे. लग्नासाठी."

"कुणाच्या?"

"मी मुलीकडची."

"मुलगी काय करते?"

"टेलिफोन खात्यातून रिटायर झाली आहे."

लोखंडेबाईंचा घास हातात राहिला. मग त्या खळखळून हसल्या. "अगं आई गं. म्हंजे मुलगी तुमची आई व्हय? बरं केलंसा. चांगलंच केलंसा. आमच्या मातोश्री पासष्टीला भजनी मंडळातल्या पेटीवाल्याच्या नादाला लागल्या तर आमी बातमी भावाच्या तोंडनं ऐकली." त्या पाणी प्यायल्या. "काय विचारायचंय?"

मी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर एका बाईचं चित्र होतं, हात पुढे करून थांबा म्हणणारं.

"ते आधीच्या बायकोला मारत होते का. तशी कधी तक्रार झाली होती का."

हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटले. परक्या माणसाबद्दल म्हणून म्हणता आले.

लोखंडेबाईंनी डबा बंद केला. "तसं सांगता येत न्हाई, ताई. कुणाचं रेकॉर्ड दुसऱ्याला द्यायचा नियम न्हाई."

"लग्न झाल्यावर कळून काय उपयोग?"

"बरोबर हाय तुमचं. पण नियम न्हाई."

"माहितीच्या अधिकारात?"

"करा अर्ज. महिन्यानं पत्र येईल, तिसऱ्या माणसाची खासगी माहिती, देता येत न्हाई म्हणून. न्हाईतर त्यांनाच सांगा, चारित्र्य पडताळणीचा दाखला काढा म्हणून. त्यावर गुन्हे दिसतात."

"दाखला कोरा असला म्हणजे काही झालं नाही, असं समजायचं?"

त्यांनी चष्मा डोळ्यावर लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "दाखल्यावर दाखल झालेलं येतं. मिटवलेलं येत न्हाई. ते बगा," त्यांनी हनुवटीने मागचं लोखंडी कपाट दाखवलं. "त्यात मिटवलेलीच जास्त. बाई येते, लिहून देते, संध्याकाळी भाऊ नायतर सासरा घेऊन परत येते. गैरसमजातून तक्रार दिली होती, सही. नाव काय म्हणालात?"

"मी म्हणाले नाही अजून. रमाकांत सातपुते. बदाम चौकाच्या मागे राहतात."

त्यांच्या हातात पेन होतं. त्याचं टोपण त्या उघडमीट करत होत्या. ते थांबलं. क्षणभरच. मग परत उघडमीट सुरू झाली.

"लग्न ठरलंय का ठरायचंय?"

"ठरायचंय."

"मग घाई करू नका." त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यांच्या मुलीला भेटलासा का? जयसिंगपूरला असते ती. तिला विचारा."

मी उठले. दारापर्यंत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांना मुलगी आहे हे मी सांगितलं नव्हतं.

मी वळून पाहिलं. लोखंडेबाई मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या.

त्याच दुपारी मी जयसिंगपूरला गेले. सातपुत्यांनी आम्हाला मुलीचं नाव सांगितलेलं होतं, मृणाल. होमिओपॅथीच्या एका दवाखान्यात औषधं देते, फारसं येणंजाणं नाही, असंही त्यांनीच सांगितलं होतं. "मुलं मोठी झाली की त्यांचं जग वेगळं होतं," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला होता. आईला तेव्हा त्यांची दया आली होती.

दवाखाना चार वाजता उघडला. मृणाल तिशीची, बारीक, वेणी पुढे घेतलेली. काउंटरमागे बसून साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या पुड्या बांधत होती. मी कोण ते सांगितलं. तिने मान हलवली. पुड्या बांधणं थांबवलं नाही.

"पप्पा लग्न करतायत हे कळलं मला," ती म्हणाली. आवाज अगदी वडिलांसारखा हळू. "चांगलं आहे. सोबत होईल."

"तुमचं काही म्हणणं?"

"माझं काय म्हणणं असणार?"

"माझी आई एकटी आहे. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, की घरी तुमच्या आईशी ते कसे वागायचे."

"पप्पा चांगले आहेत," ती म्हणाली. लगेच म्हणाली. "आईला न्यूमोनिया झाला होता, त्यात गेली. त्याच्याआधी पडली होती, पण त्याचा काही संबंध नाही. गच्चीच्या जिन्यावरून पडली. तिला चक्कर यायची. दुसऱ्या पायरीवर पाणी होतं."

दवाखान्यात पंखा फिरत होता. एक म्हातारे गृहस्थ बाकावर डुलक्या घेत होते.

तिची आई पडली का, असं मी विचारलंच नव्हतं. कुठे पडली ते विचारलं नव्हतं. कितव्या पायरीवर पाणी होतं तेही नाही.

मी तिच्या हातांकडे पाहिलं. कागदाची घडी तिरपी पडली होती, गोळ्या काउंटरवर घरंगळल्या. ती एकेक वेचू लागली.

"मृणाल," मी म्हटलं, "मी कुणाला सांगणार नाही."

"सांगण्यासारखं काही नाही."

"आई आहे माझी ती."

"मलाही होती," ती म्हणाली. मग तिने वर पाहिलं. तिची नजर मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नव्हती आणि तरी मला पाठ होती. लहानपणी आरशात पाहताना मला दिसायची तशी ती नजर. "ताई, कृपा करून जा. पेशंट यायची वेळ झाली."

मी बाहेर आले. रसवंतीच्या बाकड्यावर बसून मी दोन ग्लास रस प्यायले, कारण उठता येत नव्हतं. मला जे विचारून यायला सांगितलं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. पक्कं मिळालं होतं. कुठल्याही दाखल्यापेक्षा पक्कं.

एसटी स्टँडवर एका पानाच्या टपरीवरून मी आईला फोन लावला. माझ्याकडे मोबाइल होता, पण त्यातली बॅटरी संपली होती. पहिल्या घंटीला तिने उचलला.

"वैजू? कुठून बोलतेस? नंबर वेगळा आहे."

"जयसिंगपुरातून. मुलीला भेटले त्यांच्या."

"मग?"

मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

मी काय सांगणार होते? ती मुलगी म्हणाली, पप्पा चांगले आहेत. मग तुला कशावरून वाटतं, असं आईने विचारलं असतं. आणि ती विचारणारच. तिला उत्तर द्यायचं तर मला जे सांगावं लागलं असतं ते मी पंचवीस वर्षं सांगितलं नव्हतं. तिलाच तर मुळीच नाही.

"बोल की गं."

"चांगले आहेत म्हणाली."

"ते एक विचारलंस?"

"विचारलं."

"आणि?"

"काही नाही तसं."

ती ऐकत होती. एकतीस वर्षांच्या कानांनी माझा आवाज ऐकत होती. मला वाटलं, आता तिला कळेल. देवा, कळू दे. मी एक शब्द न बोलता तिला कळू दे.

"तुझा आवाज बसलाय," ती म्हणाली.

"रस प्यायले. बर्फाचा."

"बरं," ती म्हणाली. आणि मग, फार वर्षांनी ऐकला होता अशा हलक्या आवाजात, "मग मी त्यांना हो म्हणून सांगते."

माझा एक रुपया संपला. नवीन नाणं माझ्या मुठीत होतं. मी ते टाकलं नाही.

आणि दीड वर्षाने, भडंगाच्या त्या रविवारनंतरच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्यांचा फोन आला. मी कॉलेजात, तासावर. "वैजयंती," ते हळूच म्हणाले, "आई पडली. बाथरूममध्ये. साबण होता फरशीवर. तुम्ही या."

मी पोचले तेव्हा तिला शवविच्छेदनाला नेलं होतं. डोक्याला मागून मार होता. पंचनामा झाला होता, अकस्मात मृत्यूची नोंद झाली होती. घरात आलेली माणसं त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. ते प्रत्येकाला बसा म्हणत होते.

मला जबाबासाठी बोलावलं संध्याकाळी पाच वाजता. तेच टेबल, तेच कपाट. लोखंडेबाईंनी मला पाहिलं आणि खुर्ची ओढून दिली. दोघींपैकी कुणीच त्या दिवसाचा उल्लेख केला नाही. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर मृणाल बसली होती. वडिलांना घरी न्यायला आली होती. ते आत साहेबांच्या खोलीत होते. दार उघडं होतं. तिची वेणी मला दिसत होती.

लोखंडेबाईंनी कागद पुढे घेतला. "मयताचे पती सांगतात, की सकाळी नऊच्या सुमारास आंघोळीला गेल्या असता पाय घसरून पडल्या. तुमचं काय म्हणणं?"

"मला संशय आहे."

"कुणावर?"

"त्यांच्यावर."

"कशावरून?"

"रविवारी फोन दोनदा वाजला. आईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग उचलला."

त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. "हे लिहू?"

"लिहा."

"ताई, हे लिहिते मी. पण हे वाचून साहेब मला विचारतील, ह्याचं काय करू? दुसरं काही सांगा. मारताना बघितलं? अंगावर वळ? कुणाला बोलल्या होत्या?"

"नाही."

"शेजाऱ्यांनी ऐकलं?"

"त्यांचा आवाज चढत नाही."

"मग काय लिहू?" त्या जवळजवळ विनवत होत्या. त्यांना लिहायचं होतं, हे मला दिसत होतं. "डोळ्यांनी बघितलेलं एक तरी सांगा. तुमच्या स्वतःच्या डोळ्यांनी."

मी टेबलाची कड धरली. लाकूड घामाने गुळगुळीत झालेलं होतं. माझ्यासारख्या किती जणींनी धरली असेल.

डोळ्यांनी पाहिलेलं एक होतं.

सुरुवातीला मी म्हटलं, की आई मोरीत पाय घसरून पडली होती. ते वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं आहे की आपोआप येतं. ते माझं पहिलं वाक्य आहे असंच म्हणायला हवं. एकोणीसशे नव्वद साल. कारखान्याच्या वसाहतीतलं आमचं घर. माझ्या बाबांचा आवाज मोठा होता, गणपतीतल्या नाटकांत त्यांना माइक लागत नसे. आईने कामावरूनच तक्रार नोंदवली होती, एकदाच, आणि चौकशीला एक जमादार घरी आले. पिकलेल्या मिशांचे. त्यांनी मला जवळ बोलावलं, गालाला हात लावला आणि विचारलं, "बाळ, बाबा आईला मारतात का?" बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांनी मला हातसुद्धा लावलेला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात, उजवा हात गळ्यात बांधलेला. ती माझ्याकडे पाहत होती. ती वाट पाहत होती. आणि मी म्हटलं, "नाही. आई पडली. मोरीत पाय घसरून. तिथे शेवाळ होतं."

जमादारांनी वही मिटली. आईने मान खाली घातली, चहाचं आधण ठेवायला आत गेली. त्यानंतर तिने कधी तक्रार केली नाही. त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. चौतीस वर्षांच्या मला एवढंच म्हणाली, तेवढं एक विचारून ये.

"एक पाहिलं आहे," मी म्हटलं.

"सांगा."

"माझ्या वडिलांनी आईचा हात पिरगाळून मोडला. मी चौथीत होते. मी दारात उभी होते."

लोखंडेबाई थांबल्या. "ताई, ते या प्रकरणात..."

"पोलीस घरी आले होते. त्यांनी मला विचारलं. मी खोटं बोलले. नंतर मी त्यांच्या मुलीला भेटले, तुम्हीच सांगितलं होतं, आणि ती माझ्याशी तेच खोटं बोलली. शब्दन् शब्द. ओल्या पायरीसकट. मला ओळखू आलं. मी माझ्या आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं खोटं बाहेर निघालं असतं. लिहा."

माझा आवाज वाढला होता. माझा आवाज बाबांसारखा आहे हे मला त्या दिवशी कळलं. साहेबांच्या खोलीतलं बोलणं थांबलं. बाहेर बाक करकरला. मृणाल उठून दारात आली होती. चौकटीला धरून उभी होती. नऊ वर्षांची मी जशी कुठेतरी अजून उभी असेन, तशी.

लोखंडेबाईंनी पेन उचललं. "काय लिहू? एका वाक्यात सांगा."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं आणि, त्या व्हरांड्यात, त्या खोलीत, जिथे जिथे ऐकू जाईल तिथे सगळीकडे ऐकू जाईल असं म्हटलं,

"आई पडली नव्हती."